अडीच वर्षांच्या नवरीचं कपाट

लग्नात मुलीला कपाट देण्याची पद्धत आपल्याकडे आहेच. रुखवतात काय काय मांडलंय, हे पाहायला अख्खी वाडी जमते. आज आपण ज्या रुखवतातलं कपाट पाहणार आहोत, ते जपानमधलं आहे, १६३९ सालचं. नागोया शहरातल्या तोकुगावा कला संग्रहालयात ते आहे आणि जपानने त्याला राष्ट्रीय ठेव्याचा दर्जा दिलेला आहे.

नवरी होती चियोहिमे, तिसरा शोगुन तोकुगावा इएमित्सु याची मुलगी. त्या काळी सम्राट क्योतोला आणि खरी सत्ता एदोला, म्हणजे आजच्या टोकियोत, शोगुनच्या हाती. छत्रपती साताऱ्याला आणि कारभार पुण्यात पेशव्यांकडे, हे आपल्याला माहीत असल्याने ही व्यवस्था चटकन कळते. नवरा मित्सुतोमो हा ओवारी घराण्याचा वारस. तोकुगावांच्याच तीन मोठ्या शाखांपैकी ही एक. शोगुनला वारस नसेल, तर गादीवर या शाखांमधूनच कुणीतरी यायचं. आणि १६३९ मध्ये इएमित्सुला मुलगा नव्हता. चियोहिमे हे त्याचं एकुलतं अपत्य. लग्नाच्या वेळी ती अडीच वर्षांची होती, नवरा चौदाच्या आसपास. म्हणजे हे लग्न घराण्याच्या पुढच्या वाटचालीची तजवीज होती.

आता कपाटाकडे वळू. संचात तीन मांडण्या आहेत: एक दारं असलेली, एक पुस्तकांची आणि एक साजशृंगाराची. या तिसरीत दात काळे करण्याचं सामान ठेवत. आपल्याकडच्या दातवणाची आठवण व्हावी, असाच तो रिवाज. सोबत आरसे, पेट्या, लेखनसाहित्य. सगळ्यांवर एकच नक्षी.

ही नक्षी ‘माकिए’ पद्धतीची. लाकडावर उरुशी नावाचा झाडाचा चीक थरावर थर देऊन चढवतात. सावंतवाडीची लाख किड्यापासून मिळते. उरुशी मात्र झाडातून येते. हे झाड आंबा, काजू, बिब्बा यांच्या कुळातलं. बिब्ब्यासारखाच हा चीकही अंगाला लागला की फोड येतात. गंमत म्हणजे तो कोरड्या हवेत नीट घट्ट होत नाही, त्याला दमट हवा लागते. म्हणून प्रत्येक थरानंतर वस्तू दमट पेटीत ठेवायची, मग घासायची, मग पुढचा थर. ओल्या चिकावर सोन्याची भुकटी शिंपडली की चित्र उमटतं. काही भाग थर देऊन उंच उठवतात, त्यामुळे ते कोरल्यासारखे दिसतात. त्यात सोन्याचांदीचे कोरीव तुकडे आणि पोवळं बसवलेलं आहे. कारागीर होता कोआमी नागाशिगे, पिढ्यान्‌पिढ्या हेच काम करणाऱ्या घराण्यातला. मुलीच्या जन्माच्या वर्षीच, १६३७ मध्ये, काम सुरू झालं. दिवस मावळेपर्यंत बघत राहावं, अशा अर्थाचं टोपणनावही या संचाला मिळालेलं आहे.

पण चित्रात आहे तरी काय? मुरासाकी शिकिबूच्या ‘गेंजी मोनोगातारी’ या अकराव्या शतकाच्या सुरुवातीच्या कादंबरीतलं तेविसावं प्रकरण, ‘हात्सुने’. हात्सुने म्हणजे पक्ष्याची वर्षातली पहिली साद. प्रसंग असा: आकाशीच्या बाईची मुलगी दुसऱ्या स्त्रीकडे वाढते आहे. एकाच वाड्यात राहूनही मायलेकींची भेट नाही. नव्या वर्षाच्या दिवशी आई भेटी पाठवते आणि सोबत एक कविता: तुझी साद ऐकायला मी थांबले आहे, अशा आशयाची. त्या कवितेतली काही अक्षरं नक्षीत, झाडाझुडपांत लपवलेली आहेत. घर आहे, बाग आहे, प्लमचा मोहोर आहे, पक्षी आहे. माणूस मात्र एकही नाही. गोष्ट माहीत असलेल्यालाच कळावं, अशी ही योजना.

हाच प्रसंग का? वरवरचं उत्तर सोपं आहे. नवं वर्ष शुभ, पाइन वृक्ष दीर्घायुष्याचा, आणि कादंबरीतली ती मुलगी पुढे सम्राज्ञी होते. राजकीय लग्नाला याहून चांगला शकुन कुठला? पण कविता आहे लेकीपासून तुटलेल्या आईची, आणि ज्या मुलीसाठी हे कपाट केलं तिला अजून वाचताही येत नव्हतं. तिची आई ओफुरी पुढच्याच वर्षी, १६४० मध्ये वारली.

१६४१ मध्ये इएमित्सुला मुलगा झाला आणि वारसाची चिंता मिटली. ज्या गरजेपोटी हे लग्न इतक्या घाईने लावलं, ती दोन वर्षांत उरली नाही. चियोहिमे मात्र ओवारी घराण्याची सून म्हणूनच साठ वर्षांच्या पुढे जगली. म्हणून आमचं सांगणं एवढंच: अशी वस्तू पाहताना सोनं किती, हे जरूर विचारावं, पण ती कुणासाठी केली आणि तिच्यावर कुणाची गोष्ट कोरली, हेही विचारावं.