कंसातील आडनाव : ग्रामनाम आणि कुलनाम यांच्या परस्परसंबंधाचा विचार

वर्धा जिल्ह्यात सिंदी या नावाची दोन परिचित गावे आहेत. नागपूर-वर्धा लोहमार्गावरील, सेलू तालुक्यात मोडणारे नगरपरिषदेचे गाव 'सिंदी (रेल्वे)' या नावाने ओळखले जाते, तर वर्धा शहराला लागून असलेले गाव 'सिंदी (मेघे)' या नावाने. दोन्ही नावांचा पूर्वभाग उघडच शिंदीच्या झाडाशी नाते सांगणारा आहे. झाडावरून पडलेली ग्रामनामे महाराष्ट्रात सर्वत्र आढळत असल्याने त्यात नवल नाही. विचार करावा लागतो तो उत्तरभागाचा. 'मेघे' हे आडनाव आहे आणि 'रेल्वे' हा इंग्रजीतून आलेला सामान्य शब्द. तरीही दोघांचे स्थान एकच, म्हणजे कंसातील आहे. एका गावाला आडनाव मिळाले आणि दुसऱ्याच्या आडनावाच्या जागी रेल्वे येऊन बसली, असे थोड्या सैल भाषेत म्हणता येईल.

वर्धा शहराच्या परिसरातच पिपरी (मेघे), बोरगाव (मेघे) आणि सावंगी (मेघे) ही आणखी तीन गावे आहेत. चार गावांची मूळ नावे भिन्न, कंसातील आडनाव मात्र समान. व्यक्ती आणि स्थळ यांचे आडनाव एकच असण्याचा इतका ठसठशीत नमुना मराठी मुलुखात क्वचितच सापडेल. मराठी आडनावांचा अभ्यास प्रामुख्याने गावावरून व्यक्तीकडे या एकाच दिशेने होत आला आहे. उलट दिशेचा, म्हणजे व्यक्तीवरून गावाकडे जाणारा प्रवास त्या मानाने दुर्लक्षित राहिला. या दोन प्रवासांचा अर्थ एकमेकांच्या विरुद्ध आहे, हे ध्यानात न घेतल्याने वाङ्मयेतिहासाच्या अभ्यासातही काही घोटाळे संभवतात.

'-कर' प्रत्ययान्त आडनावे प्रथम पाहावीत. नागपूरकर, चिपळूणकर, तळेगावकर या नावांतील गाव हे त्या कुटुंबाचे मूळ ठिकाण असते, इतके सांगून आपण सामान्यतः थांबतो. परंतु चिपळुणात राहणाऱ्याला चिपळुणात चिपळूणकर म्हणण्याचे काहीच प्रयोजन नसते, कारण तेथे सगळेच चिपळूणचे. गाव सोडून माणूस दुसऱ्या ठिकाणी स्थायिक झाला की त्याची ओळख पटविण्यासाठी मागच्या गावाचे नाव उपयोगी पडते. म्हणून '-कर' हा प्रत्यय बहुधा प्रस्थानाची खूण आहे. पूर्व विदर्भात वडेट्टीवार, मुनगंटीवार यांसारख्या आडनावांतून दिसणारा '-वार' हा अंत्यभाग तेलुगूतील आदरार्थी बहुवचनाशी संबद्ध आहे. तोही पुष्कळदा असाच मागे राहिलेल्या गावाकडे बोट दाखवितो.

गावाला लागलेले आडनाव याच्या नेमके उलट सांगते. तेथे कोणी सोडून गेल्याचा निर्देश नसतो, तर कोणाची तरी सत्ता, हक्क किंवा वहिवाट तेथे रुजल्याचा निर्देश असतो. मावळातील तळेगाव दाभाडे हे सेनापती दाभाडे यांच्या घराण्याशी निगडित आहे, शिरूर तालुक्यातील तळेगाव ढमढेरे हे ढमढेरे घराण्याशी. तळ्याकाठचे गाव म्हणजे तळेगाव. अशी गावे अनेक असणार आणि त्यांना वेगळे ओळखण्याची सोपी रीत म्हणजे त्या गावावर ज्याचा अधिकार आहे त्याचे नाव जोडणे. वर्धा जिल्ह्यातही तळेगाव (श्यामजीपंत) आणि तळेगाव (टालाटुले) अशी दोन नावे आहेत. पैकी पहिल्यात आडनावाऐवजी व्यक्तिनाम, तेही 'पंत' या आदरवाचक जोडासह आले आहे. ज्या काळात व्यक्तीची ओळख आडनावापेक्षा नावाने अधिक होत असे, त्या काळाची ही खूण मानण्यास हरकत नाही.

वर्धा जिल्ह्यापुरता विचार करताना मालगुजारीची पार्श्वभूमी विसरून चालत नाही. १८६२ मध्ये नागपूरपासून वेगळा काढलेला हा जिल्हा मध्य प्रांतात होता आणि तेथे गावाच्या महसुलाची जबाबदारी व गावावरील मालकी मालगुजाराकडे असे. वर्धा नदीच्या पलीकडील वऱ्हाडात मात्र शेतकऱ्याशी थेट संबंध ठेवणारी रयतवारी धर्तीची व्यवस्था होती. गाव आणि एक कुटुंब यांची सांगड मालगुजारी मुलुखात महसुली दप्तरातच घातली जाई. पुढे १९५० च्या मध्य प्रदेश मालकी हक्क निर्मूलन कायद्याने, ३१ मार्च १९५१ पासून हे हक्क संपुष्टात आले. हक्क गेले, पण गावांच्या नावांतील आडनावे राहिली. कायद्याने जमिनीवरची मालकी काढून घेता येते, नावावरची नाही. अर्थात मालगुजारी हे एकच कारण सर्वत्र लावणेही चुकीचे ठरेल. तळेगाव दाभाडे किंवा तळेगाव ढमढेरे येथे मालगुजारी नव्हती. तेथे वतने, इनामे आणि सरदारकी यांचा संदर्भ आहे.

येथे दोन सावधगिऱ्या आवश्यक वाटतात. पहिली अशी की, कंसातील शब्द आडनावासारखा दिसला तरी तो आडनाव असेलच असे नाही. वर्धा जिल्ह्यातील कारंजा (घाडगे) आणि वाशीम जिल्ह्यातील कारंजा (लाड) ही जोडी या दृष्टीने उद्बोधक आहे. 'घाडगे' हे कुलनाम आहे. 'लाड' हे मराठीत आडनावही आहे आणि एका व्यापारी समाजाचे नावही. त्यामुळे केवळ कंसावरून निर्णय देता येत नाही. दुसरी सावधगिरी कालक्रमाची. सावंगी (मेघे) येथे १९९० मध्ये वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले आणि त्याच परिसरात दत्ता मेघे यांच्या नावाचे अभिमत विद्यापीठ आहे. बाहेरून येणाऱ्यास गावाचे नाव संस्थेवरून पडले असावे असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु तेच आडनाव सिंदी, पिपरी आणि बोरगाव यांनाही लागलेले आहे, ही गोष्ट त्या तर्काला आडवी येते. नाव समान असले म्हणजे कारणही समान असते असे नाही, आणि जे आज ठळक दिसते ते आधीचे असते असेही नाही.

या नावांची घडण भाषिक दृष्टीनेही लक्षणीय आहे. मराठीत विशेषण नामाच्या आधी येते. 'बोरगाव', 'तळेगाव' हे समास याच क्रमाने बनले आहेत. मग 'सिंदी मेघे', 'तळेगाव दाभाडे' यांत विशेषणाचे काम करणारा शब्द मागाहून का येतो? याचे उत्तर 'बुद्रुक' आणि 'खुर्द' या जोडीत शोधता येते. फारसी 'बुजुर्ग' आणि 'खुर्द' म्हणजे मोठे आणि लहान. फारसीत विशेषण नामानंतर येते आणि शतकानुशतके महसुली दप्तरांवर फारसीचा पगडा होता. 'अमुक बुद्रुक, अमुक खुर्द' हा साचा एकदा दप्तरात रूढ झाल्यावर त्याच मागच्या जागेवर आडनावे, बाजार आणि इतर शब्द येत गेले असावेत. याच्या उलट, सिंदीहून नागपूरकडे जाताना लागणाऱ्या बुटीबोरी या नावात नागपूरच्या प्रसिद्ध बुटी घराण्याच्या आडनावाशी जुळणारा शब्द पुढे आला आहे. हा क्रम दप्तरापेक्षा बोलीला जवळचा आहे. कंस हा तर निव्वळ लेखनातला आहे. बोलताना कोणी कंस उच्चारीत नाही, 'सिंदी रेल्वे' हे एकसंध नावच होऊन जाते.

इंग्लंडमधील ग्रामनामांत याला विलक्षण समांतर अशी घटना दिसते. मेल्टन मोब्रे, स्टोक मँडेव्हिल या नावांतील दुसरा शब्द हा नॉर्मन सरदार घराण्यांचे आडनाव आहे आणि तोही मागाहून आलेला आहे. १०६६ च्या नॉर्मन विजयानंतर तेथील जमिनी व दप्तरे फ्रेंच आणि लॅटिन जाणणाऱ्यांच्या हाती गेली, त्याचा हा परिणाम. आपल्याकडे फारसीने जे केले ते तिकडे बऱ्याच अंशी फ्रेंचने केले. त्यातही 'मोब्रे' हे आडनाव मुळात नॉर्मंडीतील माँब्रे या गावावरून आलेले. म्हणजे गावाचे नाव व्यक्तीला मिळाले, व्यक्तीने समुद्र ओलांडला आणि तेच नाव दुसऱ्या गावाला चिकटले. वॉशिंग्टनची कथा याहून परिचित आहे. डरहम परगण्यातील वॉशिंग्टन या गावावरून एका कुटुंबाचे आडनाव पडले, त्याच कुळात अमेरिकेचे पहिले राष्ट्राध्यक्ष जन्मले आणि त्यांचे नाव राजधानीला देण्यात आले.

हे पूर्ण वर्तुळ मराठीतही घडले आहे. रत्नागिरी जिल्ह्यातील मंडणगड तालुक्यातल्या आंबडवे या गावावरून सकपाळ कुटुंबातील मुलाचे आडनाव शाळेत आंबडवेकर असे लागले, त्याचे पुढे आंबेडकर झाले. १९९५ मध्ये उत्तर प्रदेशात आंबेडकरनगर हा जिल्हा निर्माण झाला आणि २००३ मध्ये बाबासाहेबांचे जन्मस्थान असलेल्या महू या गावाचे नाव डॉ. आंबेडकरनगर करण्यात आले. कोकणातील एका लहानशा गावाचे नाव अशा रीतीने उत्तर आणि मध्य भारताच्या नकाशावर गेले. येथे गावाला मिळालेले आडनाव मालकीचे द्योतक नाही, ते कृतज्ञतेचे आहे. मालगुजाराचे नाव गावाला लागते तेव्हा गावाला विचारलेले नसते. स्मरणार्थ दिलेल्या नावामागे लोकांची इच्छा, निदान लोकांच्या नावाने व्यक्त झालेली इच्छा असते. म्हणूनच ज्या वस्त्यांना जातींची नावे वर्षानुवर्षे लावली गेली, ती बदलण्याचा राज्य शासनाने डिसेंबर २०२० मध्ये घेतलेला निर्णय हा या विषयाचाच एक भाग मानला पाहिजे. ती नावेही वस्तीला न विचारताच दिलेली होती.

मुंबईतील इंग्रज गव्हर्नरांच्या नावांची स्थानके या संदर्भात सहज आठवतात. ग्रँट रोडचे नाव टिकले आणि एल्फिन्स्टन रोडचे २०१८ मध्ये प्रभादेवी झाले. विदर्भातील लोहमार्गाने मात्र कोणा साहेबाचे आडनाव न रुजविता स्वतःचेच नाव गावांना दिले. १८६७ मध्ये हा मार्ग नागपूरपर्यंत पोहोचला. त्यावर सिंदी (रेल्वे) आहे, आणि वर्धा नदीपलीकडे धामणगाव (रेल्वे) व चांदूर (रेल्वे) आहेत. अमरावती जिल्ह्यातच चांदूर बाजार असल्याने दुसऱ्या चांदुराला रेल्वेची ओळख लागणे क्रमप्राप्त होते. गावाची ओळख सांगण्यासाठी जिथे पूर्वी धन्याचे नाव पुरत असे तिथे आता रस्ता, बाजार, गाडी पुरू लागली, हा बदल सामाजिक इतिहासाच्या दृष्टीने लहान नाही. याच मालिकेत हळदीमुळे ओळखले जाणारे आणि त्या हळदीसाठी भौगोलिक मानांकन मिळविणारे वायगाव (हळद्या) येते. १९४२ च्या आंदोलनातील हुतात्म्यांची आठवण बाळगणारे आष्टी (शहीद) हेही त्यातलेच. एक गंमत अशी की, सिंदीच्या रेल्वे स्थानकाचे नाव केवळ 'सिंदी' एवढेच आहे. फलाटावर उभे राहून गावाला रेल्वे आहे हे सांगण्याची गरज नसते.

वाङ्मयाच्या अभ्यासकाला या सर्वांचा उपयोग काय, असा प्रश्न येथे उपस्थित होईल. 'शिशुपाळवध' आणि 'उद्धवगीता' यांचा कर्ता भास्करभट्ट बोरीकर. त्याच्या नावातील बोरी कोणती? बोरीच्या झाडावरून पडलेली बोरी, बोरगाव, बोरखेडी ही नावे मराठी प्रदेशात पावलोपावली आहेत. 'बोरीकर' या नावातून कवी बोरीबाहेर ओळखला जात होता एवढे निष्पन्न होते. तो कोणत्या बोरीचा, हे त्या आडनावात लिहिलेले नाही, कारण '-कर' लागताना कंस गळून पडतो. तळेगावकर म्हटल्यावर दाभाड्यांचे तळेगाव की श्यामजीपंतांचे, हे कळायला मार्ग नसतो. उद्या कोणी 'सिंदीकर' झाला तर त्याच्या आडनावात ना मेघे उरतील ना रेल्वे. असे असताना प्रबंधांतून नामसादृश्याच्या एकाच आधारावर कवीला आपल्या जिल्ह्यात ओढून आणण्याची प्रवृत्ती अधूनमधून दिसते. मुकुंदराजाच्या स्थलनिश्चितीत अंबेजोगाई आणि वैनगंगेकाठचे आंभोरा यांच्यामध्ये जो वाद दीर्घकाळ चालला, त्याच्या मुळाशीही 'अंब' या एका शब्दघटकाचे साम्य होतेच.

व्युत्पत्तीच्या क्षेत्रात हाच मोह वेगळ्या रूपाने येतो. सिंदी, सिंदखेड, सिंदेवाही ही नावे आणि 'शिंदे' हे आडनाव एकाच झाडाच्या सावलीत बसविण्याची लोकव्युत्पत्ती ऐकू येते. अभ्यासकांनी शिंदे या कुलनामाचा संबंध मध्ययुगीन सिंद राजघराण्याशीही जोडला आहे, म्हणून उच्चारसाम्य हा येथे पुरावा होऊ शकत नाही. प्राचीन काळासाठी महानुभावांच्या 'स्थानपोथी'सारख्या ग्रंथांतील स्थळांचे निर्देश अधिक भरवशाचे आहेत, कारण तेथे गावाबरोबर नदी, देऊळ, दिशा यांचीही नोंद असते. कवीच्या आडनावातील गाव आणि अशा ग्रंथातील गाव एकच आहे असे म्हणण्यापूर्वी त्या नावाची जिल्ह्यातील सर्व गावे, त्यांच्या कंसांसह, एकदा यादी करून पाहावीत. वर्धा जिल्ह्यापुरती ही यादी करणे एका विद्यार्थ्याच्या आवाक्यातले काम आहे.