पाच केंद्रांची सोडत

वणी, राळेगाव, यवतमाळ, दिग्रस, आर्णी, पुसद आणि उमरखेड हे यवतमाळ जिल्ह्यातले सात विधानसभा मतदारसंघ. सर्वोच्च न्यायालयाने ८ एप्रिल २०१९ रोजी दिलेल्या आदेशामुळे प्रत्येक विधानसभा मतदारसंघात एकाऐवजी पाच मतदान केंद्रांच्या व्हीव्हीपॅट चिठ्ठ्या मोजून यंत्रातल्या आकड्यांशी ताडल्या जातात. ही केंद्रे सोडतीने ठरतात. शेकडो केंद्रांतून पाचच तपासून काय कळणार, हा आक्षेप नेहमीचा. पण सोडतीचे बळ टक्केवारीवर कमी आणि काढलेल्या चिठ्ठ्यांच्या संख्येवर जास्त अवलंबून असते.

समजा, एका मतदारसंघात ३०० केंद्रे आहेत आणि त्यांतल्या ३० ठिकाणी घोळ आहे. पहिली चिठ्ठी निर्दोष केंद्राची निघण्याची शक्यता ३०० पैकी २७०. निघालेली चिठ्ठी डब्यात परत टाकत नाहीत, म्हणून दुसऱ्या वेळी हिशोब २९९ पैकी २६९ असा बदलतो, पुढे २९८ पैकी २६८. अशा पाच अपूर्णांकांचा गुणाकार सुमारे ०.५९ येतो, म्हणजे घोळ सापडण्याची शक्यता ४१ टक्के. एकच केंद्र तपासले असते, तर ती अवघी १० टक्के असती. आणि केंद्रे ६००, सदोष ६० धरली, तरी उत्तर ४१ च्या आसपासच राहते. डबा मोठा झाला म्हणून सोडत दुबळी होत नाही.

मग चिठ्ठी परत टाकली तरी काय बिघडते? इथे फरक नगण्यच आहे. पण जिल्ह्यातल्या १६ तालुक्यांतून पाच निवडायचे असतील, तर ठरावीक तालुका येण्याची शक्यता चिठ्ठी परत न टाकता ३१ टक्के, परत टाकल्यास २८ टक्क्यांच्या आत. लहान डब्यात नियम मोडणे महागात पडते, कारण तोच तालुका पुन्हा निघून एक संधी वाया जाऊ शकते.

खरा आक्षेप वेगळा आहे. चुरशीच्या लढतीत तीन केंद्रांतला घोळही निकाल फिरवू शकतो, आणि तो पाच चिठ्ठ्यांत सापडण्याची शक्यता जेमतेम ५ टक्के. हे मान्य केलेच पाहिजे. मात्र दहा टक्के केंद्रांतला घोळ सातही मतदारसंघांत असेल, तर ३५ केंद्रांच्या तपासणीतून तो निसटण्याची शक्यता अडीच टक्क्यांहून कमी उरते. म्हणजे ही पद्धत जिल्हाभर पसरलेला दोष पकडायला पुरेशी आहे, एका मतदारसंघातला छोटा दोष पकडायला नाही. त्यासाठी, विशेषतः मताधिक्य कमी असेल तिथे, जास्त चिठ्ठ्या काढण्याची मागणी गणिताला धरूनच आहे.