पिशवी एक, पाकिटं दोन

 

आज दौऱ्याबद्दल बोलू. गटाच्या कामाला आपल्याला बाहेरगावी जावं लागतं. कधी जिल्ह्याला प्रशिक्षण, कधी विभागाची परिषद, कधी मोठ्या शहरात प्रदर्शन. ग्रामसंघाच्या बैठकीत पत्र वाचून झालं की प्रश्न येतो, कोण जाणार? मग सगळ्या जणी खाली बघायला लागतात. कोणी सतरंजीचा दोरा ओढते, कोणी पदर सारखा करते. शेवटी जातात कोण? दरवेळच्या त्याच दोघी. बाकीच्यांना जायचं नसतं असं नाही. पण "पोरं कोणापाशी ठेवू?" हा एक प्रश्न असतो. आणि "दोन दोन दिवस तिकडं काय काम असतं?" हा घरचा दुसरा प्रश्न असतो.

मग कोणीतरी हळूच विचारतं, "ताई, घरच्यांना सोबत नेलं तर चालंल का? आमच्या पोरांनी अजून वेरूळ बघितलेलं नाही." आजचं बोलणं याच प्रश्नावर आहे. माझं उत्तर आहे, चालेल. पण काम आणि सहल एकाच गाडीनं गेली तरी त्यांचे दिवस वेगळे, पैसे वेगळे, आणि दोन्ही गोष्टी सगळ्यांना आधी सांगितलेल्या हव्यात.

हे मी पुस्तकातून शिकले नाही, चुकून शिकले. काही वर्षांपूर्वी मी एका दोन दिवसांच्या कार्यशाळेला गेले. मुलगा सात वर्षांचा होता. म्हटलं, घेऊन जाऊ, त्याचंही शहर बघणं होईल. सोबत मोठं माणूस कोणी नव्हतं. पहिल्या दिवशी तो हॉलमध्ये माझ्या मांडीवर कंटाळला, मग रडायला लागला. मालाची किंमत कशी काढायची याचं सत्र चालू होतं आणि मी बाहेर व्हरांड्यात त्याला बिस्किट चारत होते. दुसऱ्या दिवशी जेवणानंतर मी निघालेच, त्याला बाग दाखवायची होती म्हणून. परत आल्यावर गटात बायांनी विचारलं, "काय शिकून आलात?" मला धड सांगता येईना. वर तिकिटं सगळी एकाच पाकिटात. कोणती कामाची, कोणती फिरण्याची, माझं मलाच कळेना. एक काकू बोलल्या, "गटाच्या पैशात पोरगं फिरवून आणलं वाटतं." त्या रात्री मला झोप लागली नाही. मी पैसे खाल्ले नव्हते, पण ते दाखवायला माझ्याकडे काही नव्हतं. दुसऱ्या दिवशी मी सगळा रिक्षाचा खर्च पदरचा घातला. पैसे भरून आले, पण विश्वास परत मिळवायला वर्ष गेलं.

तर मैत्रिणींनो, तुमच्यावर ही वेळ येऊ नये म्हणून काय करायचं ते आता क्रमानं सांगते.

पहिली गोष्ट, पत्र नीट वाचा. तारखा कोणत्या, मुक्काम कुठे, जेवण कोणाचं, प्रवासखर्च मिळणार का, तो तिकीट दाखवून मिळणार की ठरीव रक्कम. मग पत्रावरच्या नंबरवर फोन करून विचारा, मुक्कामाच्या खोलीत मूल चालेल का? बहुतेक ठिकाणी दोन-तीन गावांच्या बायांना मिळून एक खोली असते. तिथे आपल्या घरचे पुरुष राहू शकत नाहीत, आणि आपलं मूल रात्री रडलं तर दुसऱ्या ताईची झोप मोडते. तेव्हा घरच्यांची सोय नातेवाइकांकडे, भक्तनिवासात किंवा धर्मशाळेत आधीच बघून ठेवा. अंगावर पिणारं बाळ असेल तर लपवू नका. बाळ आणि त्याला सांभाळणारी बाई सोबत येतेय, असं आधीच सांगा. सांगितलं की सोय होते. अचानक गेलं की सगळ्यांचीच पंचाईत.

दुसरी गोष्ट, मूल न्यायचं तर त्याला सांभाळणारं मोठं माणूस सोबत हवंच. नवरा, सासूबाई, नणंद, कोणीही. असं माणूस मिळत नसेल तर त्या वेळी मूल नेऊ नका. हा नियम मी स्वतःला घालून घेतला आहे.

तिसरी गोष्ट, आधी काम, मग फिरणं. आदल्या दिवशी फिरायला गेलात आणि गाडी चुकली, तर परिषदेलाच उशीर. शेवटचं सत्र सोडूनही जाऊ नका. पुढच्या वर्षीचं नियोजन, अर्जाची तारीख, प्रमाणपत्र हे बहुधा शेवटीच असतं. सभागृहातून सगळ्यांसोबत बाहेर पडलात की तिथून पुढचा वेळ तुमचा.

आता एक उदाहरण घेऊ. समजा, छत्रपती संभाजीनगरला गुरुवार आणि शुक्रवार अशी परिषद आहे. शनिवार आपला. या शहराच्या आसपास बघण्यासारखं इतकं आहे की सगळंच एका दिवसात बघू म्हटलं तर काहीच बघून होत नाही. वेरूळ शहरापासून साधारण 30 किलोमीटरवर आहे. अजिंठा दुसऱ्या दिशेला, साधारण 100 किलोमीटर. अजिंठ्याला खाजगी गाडी काही किलोमीटर अलीकडेच थांबते, तिथून लेण्यांपर्यंत दुसऱ्या बसनं जावं लागतं. म्हणजे त्याला पूर्ण दिवस हवा. पैठण आणखी वेगळ्या दिशेला, साधारण 50 किलोमीटर. तिथे नाथांची समाधी आहे आणि पैठणीचे हातमागही बघता येतात. शिवणकामाच्या गटातल्या बाईला पैठणच जास्त उपयोगाचं पडेल. तेव्हा एक दिवस, एक दिशा.

आणि सुट्टीचा वार विसरू नका. अजिंठ्याची लेणी सोमवारी बंद असतात आणि वेरूळची मंगळवारी. परिषद सोमवारी संपली आणि मंगळवारी सगळं घर घेऊन वेरूळला गेलात, तर दार बंद. मुंबईचंही असंच आहे. घारापुरीची लेणी सोमवारी बंद, राणीचा बाग बुधवारी बंद. शहर कोणतंही असो, निघण्याआधी वार विचारून घ्या.

आपण वेरूळ धरू, कारण तिथे घरातल्या प्रत्येकासाठी काहीतरी आहे. सकाळी लवकर निघा आणि आधी कैलास लेणं बघा. ते 16 नंबरचं. आठव्या शतकात राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळातलं हे काम. घर आपण पायापासून वर बांधतो, हे मंदिर मात्र डोंगराच्या माथ्यापासून खाली कोरत आणलं. कारागिरांनी दगड रचला नाही, नको तेवढा काढून टाकला. पोरांना हे तिथे उभं राहून सांगा, ती विसरणार नाहीत. एकूण 34 लेणी बघायला मिळतात. 1 ते 12 बौद्ध, 13 ते 29 हिंदू आणि 30 ते 34 जैन. सगळी बघायचा हट्ट नको. कैलास, 10 नंबरचं ज्याला सुताराची झोपडी म्हणतात ते, आणि 12 नंबरचं तीन मजली, एवढी नीट बघितली तरी पुष्कळ झालं. 15 वर्षांखालच्या मुलांना इथे तिकीट लागत नाही, मोठ्यांना लागतं.

लेण्यांपासून एक किलोमीटरच्या आत घृष्णेश्वर आहे, बारा ज्योतिर्लिंगांपैकी एक. आताचं लाल दगडाचं मंदिर अठराव्या शतकात होळकरांच्या घराण्यातल्या बायांनी बांधून घेतलं. जीर्णोद्धारात अहिल्याबाईंचं नाव आपण सगळ्याच ऐकून आहोत. सासूबाई सोबत असतील तर त्यांचं समाधान इथेच होतं. गाभाऱ्यात जाताना पुरुषांना अंगातला शर्ट काढावा लागतो, घरच्या मंडळींना आधी सांगून ठेवा. परत येताना त्याच रस्त्यावर खुलताबादचा भद्रा मारुती आहे, निजलेल्या मारुतीची मूर्ती आहे ती. आणि मग देवगिरीचा, म्हणजे दौलताबादचा किल्ला. किल्ल्याची चढण मोठी आहे आणि वाटेत अंधारी लागते. गुडघे दुखणाऱ्यांनी खालीच बसावं, पोरांनी वडिलांबरोबर जमेल तेवढं चढावं. पाणी, टोपी, साध्या चपला आणि घरच्या दशम्या-चटणी घेतलीत तर दिवस सुखात जातो.

गाडीचं काय? परिषदेला आलेल्या दोन-तीन जणींच्या घरचे मिळून एक जीप ठरवा. बसण्याआधी ठरवा, किती ठिकाणं, थांबण्याचे पैसे धरून किती. नाहीतर एसटी आहेच.

आता सगळ्यात नाजूक गोष्ट, हिशेब. आपल्या दशसूत्रीत हिशेब नियमित लिहिणं आहे, ते दौऱ्यालाही लागू आहे. पिशवी एक असू द्या, पण तिच्यात पाकिटं दोन ठेवा. एकावर लिहा "काम", दुसऱ्यावर "घर". तिकीट हातात आलं की त्याच क्षणी आपापल्या पाकिटात गेलं पाहिजे.

समजा, आपल्या गावापासून एसटीचं पूर्ण तिकीट एका बाजूचं 300 रुपये आहे. मार्च 2023 पासून राज्यात बायांना एसटीत अर्धं तिकीट आहे. म्हणजे तुमचे जायचे 150 आणि यायचे 150, मिळून 300. हे "काम" पाकिटात. नवरा पूर्ण तिकिटाचा, त्याचे 600. नऊ वर्षांची मुलगी अर्ध्या तिकिटाची, तिचे 300. सासूबाईंचे अर्धे, 300. हे 1,200 रुपये "घर" पाकिटातले. पाच वर्षांखालच्या मुलाला तिकीट नाही. आता कोणी म्हणेल, "पूर्ण तिकीट 600 होतं, तेवढं मागितलं तर कोणाला कळतंय?" नको बाई. तुम्ही दिले 300, मागायचे 300.

परिषदेच्या ठिकाणापर्यंतची रिक्षा "काम" पाकिटात. तिची पावती मिळत नाही, म्हणून तारीख, कुठून कुठे आणि किती, हे लगेच वहीत लिहा. शुक्रवारी रात्रीपासूनचा मुक्काम, शनिवारची जीप, जेवण, लेण्यांची तिकिटं, सगळं "घर". परतीचा प्रवास वेरूळवरून लांबून झाला तर फक्त सरळ रस्त्याचे पैसे मागा, वरचे आपले. दिवसाचा भत्ता किंवा मानधन मिळत असेल तर शनिवार त्यात धरू नका. आणि सहलीसाठी गटाचं कर्ज काढू नका. महिन्याला थोडे थोडे बाजूला टाका, वर्षात एक सहल निघते.

शेवटची गोष्ट, उघडपणे सांगणं. जाण्याआधी बैठकीत सांगा, "मी दोन दिवस कामाला जाते, तिसरा दिवस घरच्यांसोबत माझ्या खर्चानं वेरूळला जाणार आहे." हे इतिवृत्तात लिहून घ्या. परत आल्यावर पहिल्याच बैठकीत दोन्ही सांगा, काय शिकले ते आणि काय खर्च झाला ते. "काम" पाकीट सगळ्यांसमोर उघडा. आधी सांगितलेल्या गोष्टीची कुजबुज होत नाही.

आता तुम्ही म्हणाल, एवढा खटाटोप कशाला? त्यापेक्षा एकटीनं जावं. ज्यांना जमतं त्यांनी जरूर जावं. एकटीनं जाण्याची सवय आपल्याला लागलीच पाहिजे. पण आमच्या एका गटातल्या ताईंची गोष्ट ऐका. लोणच्याचा हात असा की नाव घ्यावं, पण तीन वेळा पत्र आलं आणि तीन वेळा त्यांनी नाही म्हटलं. चौथ्या वेळी आम्ही घरी जाऊन बोललो, आणि सासूबाई आणि मालक पोरीला घेऊन सोबत आले. दुसऱ्या दिवशी ताईंना आपल्या कामाबद्दल पाच मिनिटं बोलायचं होतं. आयोजकांना विचारून घरच्यांना मागच्या खुर्च्यांवर बसवलं. ताई बोलल्या. दोनदा अडखळल्या, पण किलोला किती खर्च येतो आणि किती सुटतं हे त्यांनी न बघता सांगितलं. सासूबाईंनी शेजारच्या बाईला विचारलं, "ही आमची सून, बरं का. नीट बोलली ना?"

दुसऱ्या दिवशी वेरूळ झालं, पोरगी हत्तींच्या मूर्ती मोजत फिरली. पण खरा फरक पडला तो पुढच्या पत्राच्या वेळी. ताई एकट्या गेल्या. आणि "तिकडं काय काम असतं?" असं कोणी विचारलं तर आता सासूबाईच उत्तर देतात.

तेव्हा मैत्रिणींनो, पुढचं पत्र येईल तेव्हा सतरंजीचा दोरा ओढत बसू नका. आधी कोणाची पाळी आजवर आली नाही ते बघा, आणि तिला विचारा, "तुझ्या घरचं कोण सोबत येऊ शकेल?" बाकी दोन पाकिटं तर कोणत्याही दुकानात मिळतात.