सात-बाराचा संगणक : कागदावरील हिशेब आणि प्रत्यक्ष चाचणी

बीड जिल्ह्याच्या अकरा तालुक्यांत खरिपाच्या पीककर्जाचे दिवस आले की सात-बाराच्या उताऱ्याची मागणी एकदम वाढते. पूर्वी त्यासाठी तलाठ्याच्या दप्तरातील रुमाल सोडावे लागत. १ मे २०१८ पासून राज्यात डिजिटल स्वाक्षरीचा उतारा मिळू लागला. तथापि गर्दीच्या वेळी संगणक मंदावला, तर शेतकऱ्याचा खोळंबा पूर्वीसारखाच होतो. मग नवी यंत्रसामग्री घेण्याचा प्रस्ताव पुढे येतो. ती उपयोगी पडेल की नाही, हे कसे ठरवावे?

फिरत्या डिस्कचा हिशेब कागदावर मांडता येतो. मिनिटाला ७,२०० फेरे घेणाऱ्या तबकडीला एका फेऱ्यास सेकंदाचा १२०वा भाग लागतो. हवी ती नोंद सरासरीने अर्ध्या फेऱ्यानंतर समोर येते. शिवाय वाचणारी भुजा योग्य जागी सरकण्यात त्याहून अधिक वेळ जातो. त्यामुळे विखुरलेल्या नोंदी सेकंदाला पाऊणशेच्या आसपासच वाचून होतात. सलग मजकूर मात्र हीच डिस्क सेकंदाला शंभर मेगाबाइटहून अधिक वेगाने वाचते. दप्तरखान्यातही वाचण्यापेक्षा रुमाल शोधण्यातच वेळ जात असे. एका उताऱ्यासाठी दहा ठिकाणी शोध घ्यावा लागला, तर एक डिस्क सेकंदाला सात-आठ उतारेच देऊ शकेल.

परंतु हा हिशेब अपुरा आहे. वारंवार लागणाऱ्या नोंदी संगणक आपल्या स्मृतीत ठेवतो, तेव्हा डिस्ककडे जावेच लागत नाही. असे किती वेळा घडेल, हे चाचणीवाचून कळत नाही. चाचणीही फसवी असू शकते. एकाच गावाच्या नोंदी पुनःपुन्हा मागितल्या, तर सर्व काही स्मृतीतूनच येते आणि आकडे डोळे दिपविणारे दिसतात. म्हणून चाचणीस स्मृतीत न मावणारा साठा घ्यावा, अनेकांची मागणी एकाच वेळी सोडावी आणि उताऱ्यांबरोबर फेरफाराच्या नोंदीही कराव्यात. हे शेवटचे विशेष अगत्याचे. रेड-५ या मांडणीत एका लहान नोंदीच्या लेखनास डिस्कची चार कामे पडतात, तर दोन डिस्कवर जुळी प्रत ठेवणाऱ्या मांडणीत दोनच. केवळ वाचनाच्या चाचणीत हा फरक दिसणारच नाही.

उलट, चाचणीतील असत्य कधी कधी हिशेबच उघडकीस आणतो. अशा एकाच डिस्कवर एकामागून एक फेरफार कायमचे नोंदले जात असतील, तर फेऱ्यामागे एक, म्हणजे सेकंदाला सुमारे १२० हीच मर्यादा. चाचणी पाच हजार सांगत असेल, तर नोंद तबकडीवर गेलेलीच नाही. ती तात्पुरत्या स्मृतीत पडून आहे. त्या क्षणी वीज गेली आणि स्मृतीला बॅटरीचा आधार नसला, तर मंजूर झालेला फेरफार नाहीसा होईल. खरेदीपूर्वी, खरी माहिती नसलेल्या यंत्रावर नोंदी चालू असतानाच वीज तोडून पाहावी आणि ‘झाली’ म्हणून कळविलेली प्रत्येक नोंद पुन्हा मोजून घ्यावी. फिरती तबकडी नसलेल्या नव्या डिस्कना फेऱ्यांची मर्यादा लागू नाही. वीज तोडून पाहण्याची परीक्षा मात्र त्यांनाही घ्यावी लागते.