गाव नगरपंचायतीत गेलं, झोन बदलला. घरकर्ज दुसऱ्या बँकेत नेण्याआधी हे वाचा

बुलढाणा : "दुसऱ्या बँकेत व्याज कमी आहे, कर्ज तिकडे वळवून घ्या," असे फोन आजकाल गावोगावी येतात. पण ज्यांचं घर गावठाणाबाहेर आहे, किंवा ज्यांचं गाव ग्रामपंचायतीतून नगरपंचायतीत गेलं, त्यांनी घाई करू नये. आपल्या जिल्ह्यात मोताळा, संग्रामपूर ही गावं अशीच नगरपंचायती झाली. समृद्धी महामार्गामुळे मेहकर, लोणार, सिंदखेडराजा, देऊळगावराजा या तालुक्यांत महामार्गालगतच्या जमिनींकडे पाहण्याची नजर बदलली. जमिनीचा झोन बदलला की बँकेची नजरही बदलते.

झोन म्हणजे काय?

नगरपालिका, नगरपंचायतीची विकास योजना, म्हणजे लोकांच्या बोलण्यातला डीपी, होते. त्यात कुठे रहिवास, कुठे शेती, कुठे व्यापार, कुठे रस्ता किंवा शाळेचं आरक्षण, हे नकाशावर रंगवलेलं असतं. रीतसर परवानगीनं बांधलेलं घर झोन बदलला म्हणून एका रात्रीत बेकायदा होत नाही. पण वाढीव मजला किंवा नवं बांधकाम करताना नवे नियम लागतात. आणि घरावरून डीपी रस्ता जात असेल, तर त्याची किंमत धरताना बँक हात आखडते.

जुन्या बँकेनं कर्ज दिलं, मग नवी का अडवते?

कारण कर्ज वळवणं म्हणजे नवं कर्जच. नवी बँक आपला वकील आणि आपला मूल्यांकन करणारा पाठवते, सगळे कागद पहिल्यापासून तपासते. आमच्या घरातलं एक प्रकरण इथंच अडकलं. हातात ग्रामपंचायतीचा नमुना ८ होता, सातबारावर मात्र जमीन शेतीचीच. प्रोसेसिंग फी भरून झाली होती, ती परत आली नाही. नमुना ८ हा घरपट्टीचा उतारा आहे, मालकीचा पुरावा नाही, हे तेव्हा कळलं.

अर्ज करण्याआधी हे कागद काढा

१) झोन दाखला आणि भाग नकाशा : नगरपालिका, नगरपंचायत किंवा नगररचना कार्यालयात गट नंबर देऊन अर्ज करायचा.

२) चालू सातबारा किंवा मिळकत पत्रिका : गावठाणातल्या घरांसाठी २४ एप्रिल २०२० ला सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत ड्रोन मोजणी होऊन पत्रिका मिळतात. तुमच्या गावाची झाली का, ते भूमी अभिलेख कार्यालयात विचारा.

३) अकृषक आदेश किंवा सनद : जमीन गावठाणालगत असेल, तर तिचा रहिवासी वापर नियमित करता येतो का, ते आधी बघा. तहसील कार्यालयात चौकशी करा.

४) बांधकाम परवानगी आणि मंजूर नकाशा : ग्रामपंचायतीच्या काळातली परवानगी असेल तर तीही जपून ठेवा. घर आधीचं आहे, हे तिच्यावरूनच सिद्ध होतं.

शहरी हद्दीत तुकडा पाडून घेतलेला प्लॉट असेल, तर ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या गुंठेवारीला नियमित करण्याची तरतूद आहे. आधी ते काम, मग बँक.

फायदा खरंच आहे का?

समजा, १० लाख बाकी आहेत, १५ वर्षं उरली आहेत. साडेनऊ टक्क्यांनं हप्ता साधारण १०,४४२ रुपये, साडेआठनं ९,८४७. महिन्याला ५९५, पूर्ण मुदतीत १ लाख ७ हजारांवर वाचतात. यातून प्रोसेसिंग फी, वकील आणि मूल्यांकनाचा खर्च, गहाणखताचं मुद्रांक शुल्क वजा करा. चार-पाचच वर्षं उरली असतील तर बहुतेक वेळा वळवण्यात हशील नाही. त्याऐवजी आपल्याच बँकेला व्याज कमी करण्याचा अर्ज द्या. थोडी फी घेऊन पुष्कळ बँका तो मान्य करतात, आणि त्याला झोनची नवी तपासणी सहसा लागत नाही.

हे दोन हक्क लक्षात ठेवा

बदलत्या व्याजदराच्या वैयक्तिक घरकर्जावर मुदतीआधी फेडल्याचा दंड घेता येत नाही, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. तसंच कर्ज पूर्ण फिटल्यावर ३० दिवसांत मूळ कागद परत द्यावे लागतात. बँकेच्या चुकीनं उशीर झाला तर दर दिवसाला ५,००० रुपये भरपाई आहे. १ डिसेंबर २०२३ पासून हे लागू आहे.

आणि गावात डीपीचा प्रारूप नकाशा लागला तर जाऊन बघाच. हरकत घ्यायला ३० दिवस मिळतात. आपल्या घरावर रेघ पडली आहे का, हे तेव्हाच पाहिलं तर लेखी हरकत देता येते. मुदत गेल्यावर नुसत्या चकरा.

म्हणून आधी झोन दाखला हातात घ्या, तो नव्या बँकेला दाखवा, "या कागदावर कर्ज बसतं का?" असं विचारा, आणि मगच फी भरा.