भरतपूर: सायकल, पायवाट आणि होडी

थंडीतल्या सकाळी भरतपूरच्या केवलादेव राष्ट्रीय उद्यानात जायचं तर सायकलच घ्यावी. ती दारातच भाड्याने मिळते. सायकलरिक्षावालेही हाताशी असतात. त्यातले अनेकजण पक्षी झटकन ओळखून दाखवतात, त्यामुळे नवख्याने त्यांना जरूर सोबत घ्यावं.

उद्यान जेमतेम 29 चौरस किलोमीटरचं. 1985पासून जागतिक वारसा स्थळ. इथे साडेतीनशेहून अधिक जातींचे पक्षी नोंदले गेलेत.

सायकल लावून बांधावर चालायला लागलं की खरी मजा. पाण्यातल्या बाभळींवर चित्रबलाकांची घरटी खच्चून भरलेली असतात. ऊन चढलं की आई किंवा बाप पंख पसरून पिल्लांवर सावली धरतो. कोरड्या भागात बिळाबाहेर ऊन खात पडलेला अजगरही दिसू शकतो. त्याच्यापासून लांबच राहावं.

पुरेसं पाणी असेल तरच होडी मिळते. होडीतून तिरंदाज पक्षी जवळून दिसतो: अंग पाण्याखाली, वर फक्त सापासारखी मान.

हे पाणथळ राखणं मात्र सोपं नाही. 1982 मध्ये गुरांची चराई बंद झाली. म्हशी नसल्याने पास्पालम गवत माजलं आणि उघडं पाणी आक्रसलं, असं मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या (बीएनएचएस) अभ्यासात दिसलं. सायबेरियन क्रौंच तर 2002नंतर इथे आलेलेच नाहीत.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा उत्तम काळ. दुर्बीण, पाणी आणि कानटोपी हवीच.