शेणकिड्यांची वहिवाट

मृगाचा पाऊस झाला कीं घाटावरील गांवांतून ई-क्लासच्या पडीत जमिनीवर गुरें चरूं लागतात. तेथें ताजा पो पडला असतां वाचकांनीं जवळ बसून पाहावें. वासावर थोड्याच वेळांत पहिला शेणकिडा येऊन टपकतो, मागोमाग अनेक. उन्हानें वरची साल वाळली कीं शेण त्यांच्या उपयोगाचें राहत नाहीं. सबब प्रत्येकास घाई.

महसूल खात्यांत हद्दीच्या तक्रारी लिहिण्यांत ज्याचा जन्म गेला, त्यास हा प्रकार ओळखीचा वाटेल. गोळेवाले किडे आपला हिस्सा कापून, गोळा करून, डोकें खालीं घालून मागच्या पायांनीं ढकलीत गर्दीपासून दूर नेतात व पुरतात. वाटेंत आयता गोळा हिसकावणारेही भेटतात. आफ्रिकेंतील अशा झोंबींचा अभ्यास १९७९ सालीं प्रसिद्ध झाला; ज्याचें अंग अधिक तापलेलें, तोच बहुधा जिंकतो असें त्यांत आढळलें. दुसरी जात भुयारी. ती शेणाखालींच बीळ खणून माल आंत नेते व त्यांत अंडीं घालते. कांहीं भुयारी जातींत शिंगवाला नर बिळाच्या तोंडाशीं पहारा देतो, तर बिनशिंगाचा लहान नर बाजूनें दुसरें बीळ पाडून गुपचूप मादीपाशीं पोहोंचतो! तिसरे लहान किडे शेणांतच राहतात. शिवाय कोणी दिवसा येतो, कोणी रात्रीं. म्हणून एकाच शेणावर अनेक जातींचा निर्वाह होतो.

सर्वांत बलाढ्य हिस्सेदार अर्थात् आपणच. उघाडींत टोपली भरून गोवऱ्यांसाठीं आपण शेण नेतों. पावसांत गोवरी वाळत नाहीं, तेव्हांचें रानांतील शेण तेवढें त्यांचें.

या भांडणाचा लाभ जमिनीस होतो. खत मुळांजवळ जातें, भुयारांतून पाणी मुरतें, माशांच्या अळ्यांस अन्न कमी पडतें. ऑस्ट्रेलियांत १७८८ सालीं गाईबैल गेले, परंतु तेथील बहुतेक किडे कांगारूसारख्या प्राण्यांच्या कोरड्या लेंड्यांस सरावलेले. गाईंचें शेण महिनोन्‌महिने पडून कुरणें झांकूं लागलीं व माशा माजल्या. जॉर्ज बोर्नेमिसा या शास्त्रज्ञाच्या सूचनेवरून १९६८ पासून परदेशी शेणकिडे तेथें सोडावे लागले. आपणांस ते फुकट लाभले आहेत.

धोका मात्र आपल्याच हातून आहे. गोचीड व जंत यांवर गुरांस टोंचतात तें आयव्हरमेक्टिन शेणावाटे बाहेर पडतें आणि पुढें कांहीं आठवडे त्या शेणांतील शेणकिड्यांच्या अळ्या मारतें. नेमका हाच त्यांचा विणीचा हंगाम. केवळ जंतांसाठीं फेनबेंडाझोलसारखें औषध चालत असल्यास त्याचा उपद्रव पुष्कळ कमी. तें चालेल काय, हें पशुवैद्यास विचारावें. आयव्हरमेक्टिनच लागलें, तर सगळा कळप एकदम टोंचूं नये, व टोंचलेलें जनावर कांहीं आठवडे रानांत न सोडतां गोठ्यांत बांधून वैरण घालावी.